पाकिटात उरलेल्या गोळ्या

आर्णीत काय किंवा यवतमाळच्या दुसऱ्या कोणत्याही तालुक्यात काय, बीपीच्या पेशंटला गोळी का सोडली म्हणून विचारा. उत्तर बहुधा एकच येतं, "आता बरं वाटते." याला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण तापाची गोळी ताप उतरला की बंद करायची, हे आपण सगळेच शिकलो. रक्तदाबाला ना ठणका, ना ताप. गोळी घेतली तरी काही जाणवत नाही, सोडली तरी नाही. शिवाय 'सवय लागते' ही भीती असतेच. चहाची लागते तेव्हा कोणी घाबरत नाही, ते सोडा.

सोडल्यावर काही न जाणवण्याचं एक कारण गोळीतच दडलेलं आहे. सरकारी दवाखान्यात सहसा पहिल्यांदा अ‍ॅम्लोडिपिन देतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की त्या आवळतात. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते, म्हणून वाहिनी सैल पडते आणि दाब उतरतो. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे सोमवारची गोळी चुकली तरी मंगळवारी यंत्रावरचा आकडा फारसा हलत नाही. गोळी बंद केलेली बाई तिसऱ्या दिवशीही कापूस वेचते आणि म्हणते, काय झालं मला? दाब पुढे हळूहळू चढतो, तोवर गोळीचा विषय घरात विसरलेला असतो. क्लोनिडिनसारखं औषध अचानक तोडलं तर मात्र एक-दोन दिवसांतच दाब उसळतो. अ‍ॅम्लोडिपिनचा सौम्य स्वभावच असा फसवतो.

चढलेला दाब मग आतल्या आत काम करत राहतो. हृदयाचा डावा कप्पा जोर लावून लावून जाड होतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होऊ लागतात. सगळ्यात नाजूक जागा मेंदूच्या खोल भागात आहे. तिथल्या केसासारख्या वाहिन्या मोठ्या वाहिनीतून थेट फुटलेल्या असतात, त्यामुळे दाबाचा पुरा मारा त्यांच्यावर. एखादी फुटते किंवा बुजते, आणि गावात बातमी होते, लकवा मारला.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण सातातला एक मृत्यू. बहुतेकांचा मृत्यू घरीच झाला. वाहिनी बुजली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन हवा. त्यासाठी आर्णीहून यवतमाळ गाठायचं तर सुमारे चाळीस किलोमीटर. त्यातही गाडी मिळेपर्यंत आणि 'थोडं पाहू' म्हणण्यात गेलेला वेळ वेगळाच.

दोष एकट्या पेशंटवर टाकणं मला पटत नाही. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या की महिन्यातून तीनदा मजुरी बुडते. वेचणीच्या हंगामात ती कोण बुडवेल? तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेली की गोळ्याही मागेच राहतात.

शेजारच्या वर्ध्यात याचा विचार झालेला आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आधी आले. औषधं मोजकी आणि सगळीकडे तीच, गोळ्या महिनाभराच्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि तारखेला न आलेल्याची विचारपूस. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

"गोळ्या घेता ना?" असं डॉक्टरांनी विचारलं की मान आपोआप हो म्हणून हलते. त्यापेक्षा पाकीट सोबत आणायला सांगावं. तीस दिवसांपूर्वी तीस दिल्या होत्या. आज बारा उरल्या असतील, तर बोलणं त्या बारांपासून सुरू करता येतं.