घराभोवतीचा ५०० मीटरचा बफर आणि माणसाचा दिवस

परिसर आणि आरोग्य या विषयावरची प्रपोजल्स वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘सहभागी व्यक्तीच्या घराभोवती ५०० मीटरचा बफर घेऊन त्यातल्या बागा, खाण्याची दुकानं आणि हवेची गुणवत्ता मोजली जाईल.’ वाक्य नीटनेटकं आहे आणि जीआयएसमध्ये ते काम पटकन होतं. पण मुलाखतीत कुणी विचारलं, ‘५०० मीटरच का? आणि घराभोवतीच का?’ तर बऱ्याच वेळा उत्तर एवढंच असतं की आधीच्या पेपरांमध्ये तसं केलं होतं.

पीएचडीची तयारी करत असाल तर या दोन प्रश्नांवर आधीच विचार करून ठेवा. बाग कुठे करायची, हवा मोजायचं यंत्र कुठे बसवायचं हे ठरवताना अशाच अभ्यासांचा आधार घेतला जातो. बफर चुकीच्या जागी पडला, तर खर्चही चुकीच्या जागी होऊ शकतो.

पत्ता आणि संपर्क या दोन वेगळ्या गोष्टी

लंडनमधली १८५४ ची कॉलऱ्याची साथ आणि जॉन स्नोचा नकाशा आपल्याला माहीत असतो. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यू एकवटलेले दिसतात, एवढं पाठ्यपुस्तकात येतं. पण स्नोच्या युक्तिवादाला खरा जोर आला तो नकाशात न बसणाऱ्या लोकांमुळे.

हॅम्पस्टेड भागात एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिच्या आसपास साथ नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायची, तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून ती गाडीवरून त्या पंपाचं पाणी मागवायची. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली इस्लिंग्टनची भाचीही दगावली. उलट, पंपाच्या अगदी जवळच्या ब्रूअरीत सत्तरच्या वर कामगार होते आणि त्यांच्यात कॉलऱ्याने मृत्यू झाला नाही. त्यांना बिअर मिळायची, ब्रूअरीची स्वतःची विहीरही होती. पंपाच्या पाण्याची त्यांना गरजच नव्हती.

म्हणजे पंपापासून लांब राहणारी बाई एक्स्पोज झाली आणि शेजारी काम करणारे कामगार वाचले. स्नोने फक्त पत्ते पाहिले असते तर ही दोन्ही उदाहरणं त्याच्या विरोधात गेली असती. त्याने ‘कोण कुठे राहतं’ याच्या पुढे जाऊन ‘कोण कुठलं पाणी पितं’ हे विचारलं. एक्स्पोजर म्हणजे हेच: शरीर आणि पर्यावरण यांची प्रत्यक्ष गाठ कुठे, कधी, किती वेळ पडली.

कुठला परिसर मोजायचा?

आता आपल्याकडचं काल्पनिक उदाहरण घेऊ. एक बाई बदलापूरला राहते आणि फोर्टमध्ये नोकरी करते. कामाच्या दिवशी ती सकाळी लवकर निघते, रात्री परत येते. जाता-येता मिळून तीनेक तास लोकलमध्ये. दुपारचं खाणं ऑफिसजवळ, भाजी स्टेशनबाहेर, चालणं मुख्यतः जिने आणि प्लॅटफॉर्मवर. घराभोवतीच्या ५०० मीटरमध्ये ती जागेपणी किती वेळ असते? फार थोडा. तिच्या आरोग्याशी त्या बफरमधली बाग जोडायची, तर आधी ती त्या बागेत कधी जाऊ शकते हे विचारावं लागेल.

भूगोलतज्ज्ञ मेइ-पो क्वान यांनी २०१२ मध्ये या अडचणीला ‘अन्सर्टन जिओग्राफिक कॉन्टेक्स्ट प्रॉब्लेम’ असं नाव दिलं. माणसावर खरोखर परिणाम करणारी जागा कोणती आणि तिथला परिणामकारक काळ कोणता, हे आपल्याला नक्की माहीत नसतं. आपण एक सीमा गृहीत धरतो, आणि सीमा बदलली की निष्कर्षही बदलू शकतो.

२०१८ मध्ये त्यांनीच आणखी एक मुद्दा मांडला. हवेचं प्रदूषण घ्या. प्रदूषित वस्तीत राहणारे बरेच लोक दिवसा थोड्या स्वच्छ भागात जातात, आणि स्वच्छ भागातले लोक कामासाठी रहदारीच्या भागात येतात. त्यामुळे प्रत्यक्ष एक्स्पोजर सरासरीकडे सरकतं. फक्त घराचा पत्ता धरला तर माणसामाणसांतला फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. पण जे फारसे घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे वृद्ध, आजारी, घरातच काम करणाऱ्या अनेक बायका, त्यांचं एक्स्पोजर सरासरीकडे सरकत नाही. त्यांच्यासाठी घराचा पत्ता बऱ्यापैकी बरोबर असतो. म्हणजे वावर किती, हीसुद्धा विषमतेची एक बाजू आहे. सगळ्यांना एकच बफर लावला की ती झाकली जाते.

मग जीपीएस दिलं की झालं?

नाही, इथे दुसरा खड्डा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा फसवा आहे.

समजा आपण लोकांना जीपीएस दिलं आणि दिसलं की जे बागांच्या आसपास जास्त वावरतात ते जास्त चालतात. बागेमुळे चालणं वाढलं का? की ज्यांना चालायचंच होतं ते बागेत गेले? जिथे माणूस स्वतः ठरवून गेला ती जागा ‘पर्यावरण’ म्हणून मोजली, तर त्याच्या इच्छेचा परिणाम आपण जागेच्या खात्यावर टाकतो. बाझील शे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमका हा धोका दाखवला: जीपीएसमुळे मोजमाप सुधारतं, पण कार्यकारणाचा निष्कर्ष मात्र कच्चा होऊ शकतो.

असा प्रश्न जुनाच आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कोरोनरी हृदयविकार कमी आढळला. शारीरिक हालचालीच्या संशोधनाचा हा पाया मानला जातो. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाची मापं तपासली. तरुण वयातसुद्धा ड्रायव्हरांच्या कमरेचं माप कंडक्टरांपेक्षा जास्त होतं. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीत येतानाच सोबत आलेला असू शकतो. स्वतःच्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारणं हे शिकण्यासारखं आहे.

या निवडीच्या प्रश्नाला सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे रँडमायझेशन. अमेरिकेत ‘मूव्हिंग टू ऑपर्च्युनिटी’ या प्रयोगात १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना चिठ्ठी पद्धतीने गटांत विभागलं. एका गटाला कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी व्हाउचर मिळालं. २०११ मध्ये छापलेल्या निकालात, नियंत्रण गटाच्या तुलनेत या गटातल्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा (बीएमआय ३५ किंवा जास्त) आणि मधुमेहाच्या पातळीची रक्तशर्करा, दोन्हींचं प्रमाण ४ टक्के-बिंदूंहून थोडं जास्त कमी झालेलं दिसलं. परिसराचा परिणाम होतो याचा हा भक्कम पुरावा. पण नेमकं कशामुळे? खाणं, सुरक्षितता, ताण, की चालणं? ते हा प्रयोग सांगत नाही. तिथे पुन्हा दैनंदिन वावराचा बारीक अभ्यास लागतो.

भारतातला डेटा घेताना

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एनएफएचएस-४ आणि ५ मध्ये क्लस्टरचे जीपीएस बिंदू मिळतात, पण गोपनीयतेसाठी ते मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी क्लस्टर २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीणपैकी १ टक्का १० किलोमीटरपर्यंत. अशा बिंदूभोवती ५०० मीटरचा बफर काढला तर तो भलत्याच ठिकाणी पडू शकतो. दुसरं, २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं. डेटा उपयोगी आहे, पण तो ‘इतर कामगारां’चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यात येत नाहीत.

स्वतः जीपीएस डेटा गोळा करणार असाल तर एथिक्स कमिटीपुढे ‘नावं काढून टाकू’ एवढं पुरणार नाही. १५ लाख लोकांच्या मोबाइल डेटावरच्या २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं ओळखायला पुरेसे होते.

प्रपोजल लिहिण्याआधी

बफर काढण्यापूर्वी या चार प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहून बघा:

१. परिसर शरीरापर्यंत कुठल्या वाटेने पोहोचतो? श्वासातून, खाण्यातून, हालचालीतून, की ताणातून?
२. त्या वाटेसाठी किती काळ महत्त्वाचा? दम्याचा झटका काही तासांचा किंवा दिवसांचा प्रश्न असतो, मधुमेह वर्षांचा.
३. माझे सहभागी तो काळ कुठे घालवतात, आणि कोण बाहेर पडूच शकत नाही?
४. ते त्या जागी परिस्थितीमुळे जातात, की ज्या वर्तनाचा मी अभ्यास करतोय त्याच कारणाने जातात?

उत्तरं लिहिल्यावर कदाचित घराभोवतीचा बफरच योग्य ठरेल. लहान मुलं किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध असा गट असेल तर तसं होणं शक्य आहे. मग तो बिनधास्त वापरा. फरक इतकाच की ‘का?’ असं विचारलं गेलं तर आधीच्या पेपरांकडे बोट दाखवावं लागणार नाही. तुमच्या सहभागींचा दिवस कसा जातो, हे तुम्ही सांगू शकाल.