दारावरची सनई, बैठकींतील सुंदरी

मंगलकार्याच्या पत्रिकेंत आपण यच्चयावत् आप्तेष्टांचीं नांवें घालतों. परंतु ज्याच्या सुरावांचून कार्यास शोभा येत नाहीं, त्या सनईवाल्याचें नांव घरांत कोणास ठाऊक असतें काय? सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं अहमदपुरास आमच्या थोरल्या भगिनीच्या विवाहांत पहांटेपासून सनई वाजत होती. पंगती उठल्या, अपराह्ण टळला, तरी वाजंत्र्यांच्या पानांची आठवण कोणास झाली नाहीं. कोरड्या ओठांनीं पुन्हां सूर धरणारा तो वृद्ध मला आजहि दिसतो.

शास्त्रानें या वाद्यांची अशी उपेक्षा केलेली नाहीं. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. फुंकून वाजवावयाचीं तीं सुषिर. आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकांत असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त वाद्यांस स्वतंत्र अध्याय दिला आहे.

सनईची धाकटी बहीण म्हणजे सुंदरी. सनईहून आंखूड, म्हणून तिचा सूर चढा. हें गोड नांव तिला अक्कलकोटच्या राजेसाहेबांनीं दिलें, असें सांगतात. सोलापूरच्या जाधव घराण्यानें ती जोपासली. आणि त्याच घराण्यांतील पंडित सिद्राम जाधव यांनीं तिजवर रागसंगीत वाजवून तिला दारावरून बैठकींत आणिलें. पुढें भीमण्णा जाधवांनीं ही परंपरा चालविली.

हें काम सोपें नव्हे. नळी आंखूड, म्हणून छिद्रें जवळजवळ. बोट केसभर सरकलें तरी सूर ढळतो. छिद्र अर्धवट झांकून आणि पत्तीवर ओठांचा दाब कमीअधिक करून मींड साधावयाची. शिवाय सूर अखंड राहावा म्हणून गालांत सांठविलेला वारा बाहेर सोडीत असतांनाच नाकानें श्वास घ्यावयाचा. प्राणायामांत पूरक आणि रेचक एकामागून एक येतात. येथें ते एकाच वेळीं साधावे लागतात!

काशीच्या बिस्मिल्ला खाँसाहेबांस २००१ सालीं भारतरत्न मिळालें, तेव्हां अवघ्या देशानें सनईस मान दिला. सिद्रामजींनीं आपल्या शेजारच्या सोलापुरांत, त्याहून लहान वाद्यावर, तीच वाट चोखाळली होती. परंतु आज मंगल कार्यालयांत ध्वनिमुद्रित सनई लावितात. तिला पान वाढावें लागत नाहीं, बिदागी द्यावी लागत नाहीं. मग वाजंत्र्याच्या मुलानें बापाची विद्या कशासाठीं शिकावी? कलावंत गुणांनीं घडतो, हें खरें. पण त्याची कला टिकते ती यजमानाच्या दारांत.

म्हणून वाचकांस एकच विनंती. घरीं पुढील कार्य निघेल, तेव्हां जिवंत सनई बोलवावी. वाजविणाऱ्यास बैठकीवर आसन द्यावें, पहिल्या पंगतींत त्याचें पान मांडावें, आणि त्याचें नांव विचारावें. त्या वृद्धाचें नांव त्या दिवशीं मींहि विचारलें नव्हतें.