बिघाड यकृतात, लक्षणे मेंदूची!

कुत्र्याचे पिल्लू जेवल्यानंतर तासा-दोन तासांनी झोकांड्या खाऊ लागते, गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते. मांजर असेल तर तोंडातून लाळ गळते. काही वेळाने प्राणी पुन्हा पूर्ववत होतो. हा काय प्रकार असावा?

प्रथिने पचताना आतड्यातील जीवाणू अमोनिया तयार करतात. तो रक्तात मिसळून एका मोठ्या शिरेतून यकृतात जातो. यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो यूरिया बाहेर टाकतात. काही पिलांत मात्र जन्मतःच या शिरेला एक आडवाट असते. विजेच्या मंडलातील 'शॉर्ट सर्किट' आठवा. कमी रोधाची वाट मिळाली की प्रवाह तिकडूनच धावतो. तसेच रक्तही यकृताला टाळून सरळ हृदयाकडे जाते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. यॉर्कशायर टेरियर जातीत हा दोष विशेष आढळतो.

1877 साली निकोलाय एक (हे त्याचे आडनाव!) या रशियन शल्यविशारदाने कुत्र्यांत अशी आडवाट मुद्दाम तयार केली. 1893 मध्ये पावलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, असे कुत्रे मांस खाल्ल्यावर झोकांड्या खातात, त्यांना झटकेही येतात.

निदानासाठी जेवणापूर्वी व जेवणानंतर रक्तातील पित्ताम्ले मोजतात आणि सोनोग्राफी करतात. उपचारात लॅक्ट्युलोज ही न पचणारी शर्करा देतात. मोठ्या आतड्यातील जीवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात. आम्लातील प्रोटॉन मिळताच अमोनियाचा विद्युतभारित अमोनियम आयन होतो. भारित कणाला आतड्याच्या पेशींचे आवरण सहज ओलांडता येत नाही, म्हणून तो मळावाटे बाहेर पडतो. जोडीला प्रतिजैविके आणि पशुवैद्याने ठरवून दिलेला, मोजक्या प्रथिनांचा आहार असतो. प्रथिने अजिबात बंद करणे मात्र घातक ठरते.

आडवाट कायमची बंद करायची तर शस्त्रक्रिया हवी. त्या शिरेभोवती केसीन या दुधातील प्रथिनाचे कडे बसवतात. द्रव शोषून ते फुगते आणि काही आठवड्यांत शीर हळूहळू मिटते. ती एकदम बांधली तर आतड्यांकडील शिरांमध्ये रक्ताचा दाब धोकादायक वाढू शकतो.

लाळ गळणारा, भ्रमिष्ट प्राणी पाहून लोक 'पिसाळला' म्हणतात. ती शंका रास्तच आहे. म्हणून त्याच्या लाळेला हात लावू नये. पण त्याला मारूही नये. ताबडतोब पशुवैद्याला बोलवावे. प्रत्येक झोकांडी म्हणजे रेबीज नव्हे, आणि यकृताचा हा विकार वेळीच ओळखला तर बऱ्याच प्राण्यांना चांगले आयुष्य लाभते.