मचाणावर चढण्याआधी दोर

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक माणसं परवाना घेऊन रानात उतरतात आणि शिकार असावी की नसावी, हा वाद दरवर्षीप्रमाणे पेटतो. तो वाद आज बाजूला ठेवते. मला काळजी वाटते ती भल्या पहाटे अंधारात झाडावरच्या मचाणावर चढणाऱ्या माणसांची.

गोळीच्या बाबतीत या राज्याने फार चांगलं काम केलं आहे. 1914 च्या हंगामात तिथे 24 जणांचा बळी गेला होता. पुढे 1980 पासून भडक नारिंगी कपडे सक्तीचे झाले, 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि अलीकडचे काही हंगाम गोळीने एकही माणूस न दगावता पार पडले. मात्र झाडावरून पडून मणका मोडलेला माणूस बंदुकीच्या अपघातांच्या यादीत येत नाही, त्यामुळे त्याची चर्चाही होत नाही.

उंचावर बसण्याचे फायदे खरे आहेत. हरणाचं लक्ष सहसा वर जात नाही, माणसाचा वास त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि नेम चुकला तरी गोळी जमिनीत रुतते. पण त्यासाठी पंधरा-वीस फूट चढावं लागतं, तेही जाड कपडे आणि बोजड बूट घालून. बहुतेक माणसं चढता-उतरताना किंवा शिडीवरून फळीवर पाय टाकताना पडतात.

खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, चांगल्या कंपन्या मचाणासोबतच देतात. अनेक जण तो अंगावर चढवतात, पण झाडाला अडकवतात वर पोचल्यावर. म्हणजे सगळ्यात धोक्याचा टप्पा मोकळ्यानेच पार होतो! यावर उपाय अगदी स्वस्त आहे. मचाणाच्या वरपासून बुंध्यापर्यंत एक दोर कायमचा बांधायचा. त्यावर प्रुसिक नावाची गाठ असते. हाताने सरकवली तर ती सहज वरखाली होते, वजनाचा हिसका बसला की जागीच आवळते. जमिनीवरच हार्नेस या गाठीला अडकवला की चढताना, बसताना आणि उतरताना माणूस झाडाला बांधलेला राहतो. रायफलच्या दुर्बिणीवर हजारो डॉलर उधळणारे या दोराच्या बाबतीत हात आखडता घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

पट्ट्याने झेललं म्हणजे सुटलो, असंही नाही. नुसतं लटकत राहिलं की रक्त पायांत साकळतं आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय टेकवायला एक फास जवळ हवा, फोन पिशवीत न ठेवता खिशात हवा आणि आपण नेमके कुठे बसलोय हे घरी कुणाला तरी ठाऊक हवं. मचाण झाडाला आवळणारे पट्टे वर्षभर तसेच ठेवू नयेत. उन्हाने ते कमकुवत होतात, खारी कुरतडतात, आणि खोड जाड होतं तसा त्यांच्यावर ताण वाढतो.

बंदूक पाठीला लावून चढणं तर वेडेपणाच. ती रिकामी करून, नळीचं तोंड आपल्याकडे येणार नाही अशी बांधून, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. उतरतानाही तसंच.

खरा कस लागतो तो गोळी न झाडण्यात. हरिण अगदी मचाणाखाली आलं की वरून मारलेली गोळी एकाच फुप्फुसातून जाऊ शकते, आणि जखमी जनावर मैलभर तडफडत जातं. जाणता शिकारी ते चार पावलं पुढे सरकेपर्यंत थांबतो. ते टेकाडाच्या माथ्यावर उभं असेल, मागे काय आहे ते दिसत नसेल, तर त्याला जाऊ देतो. फळीवर बर्फाचा थर दिसला तर त्या दिवशी जमिनीवरच बसतो. असा रिकाम्या हाताने परतलेला माणूस माझ्या लेखी उत्तम शिकारी आहे.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, मचाणं मात्र आहेत. ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेला निसर्गप्रेमी पाणवठ्याकाठी मचाणावर रात्र जागवतात. हातात बंदूक नसली तरी पहाटेची पेंग आणि जमिनीपासूनची उंची तीच असते. तिथल्या प्रत्येक मचाणाला बुंध्यापर्यंत दोर आणि चढणाऱ्या प्रत्येकाला हार्नेस सक्तीचा असावा, अशी माझी वनखात्याकडे मागणी आहे.