नाचत्या नौकेचा तोल

पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावर सूर्यास्ताच्या सुमारास माणसांची दाटी होते. मांडवी नदींतून फेरी मारणाऱ्या नौका तेथून सुटतात. कांहीं फेऱ्या तासाभराच्या असतात. कांहींमध्यें रात्रीचें भोजनही असतें. नौका धक्का सोडून समुद्राच्या दिशेनें निघाली, कीं तिच्यावरील रंगमंचावर देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यु हे नाच सुरू होतात. थोड्या वेळानें प्रवासीही त्यांत सामील होतात. उजव्या हातास रेइश मागुशचा किल्ला, डाव्या हातास पणजी शहराचे दिवे, अंगावर खारा वारा, असा हा थाट असतो. लंडनची थेम्स, पॅरिसची सेन आणि इस्तंबूलचा बॉस्फरस येथेंही अशीच जेवणाची व नाचाची नौका रोज सायंकाळीं निघते. या सर्व ठिकाणीं नौकेवर चढणारा मनुष्य आपण एखाद्या सजविलेल्या दिवाणखान्यांत शिरलों, असेंच समजतो.

परंतु दिवाणखाना आणि नौका यांत एक मोठें अंतर आहे. पाहुणे कोठें उभे आहेत याची घराच्या जमिनीस पर्वा नसते. शंभर पाहुणे एका खिडकीशीं गोळा झाले, म्हणून वाडा त्या बाजूस कलत नाहीं; कारण वाड्याचा पाया भूमींत आहे. नौकेस असा पाया नाहीं. तिच्यावरील माणसांनीं जागा बदलली, कीं तिचा तोलही बदलतो. म्हणजे नौकेवर चढलेला प्रत्येक पाहुणा नकळत तिच्या तोलाचा भागीदार होतो. ही गोष्ट कशी घडते, हें समजून घेणें कठीण नाहीं. आणि तिच्याकडे काणाडोळा झाल्यामुळें आजवर शेंकडों माणसांचे प्राण गेले आहेत.

नौका तरंगते ती आर्किमिडीजच्या नियमानें, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारलें, कीं वस्तु तरंगते. परंतु तरंगणें आणि सरळ उभें राहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लांकडाचा ओंडका उत्तम तरंगतो. पण त्यावर उभा राहूं पाहणारा मनुष्य तत्काळ पाण्यांत पडतो. तेव्हां नौकेच्या बाबतींत खरा प्रश्न ती तरंगते कां हा नसून, ती कलल्यावर पुन्हां सांवरते कशी, हा आहे.

नौकेचें आणि तिच्यावरील सर्व माणसांचें व वस्तूंचें वजन जणूं एकाच बिंदूंतून खालीं ओढ घेतें. या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. पाण्याचा उचलून धरणारा जोर दुसऱ्या एका बिंदूंतून वर येतो. हा दुसरा बिंदु म्हणजे नौकेच्या बुडालेल्या भागाचा मध्य. नौका सरळ असतां हे दोन्ही बिंदु एकाच उभ्या रेषेंत असतात. आतां नौका उजवीकडे कलली, असें समजावें. तिची उजवी बाजू अधिक बुडते व डावी वर येते. त्यामुळें बुडालेल्या भागाचा मध्य उजवीकडे सरकतो. नौकेवरील वजनें जागच्या जागीं असतील, तर गुरुत्वमध्य मात्र नौकेंत होता तेथेंच राहतो. परिणामीं पाणी उजव्या अंगानें वर रेटतें आणि नौकेस पुन्हां सरळ करतें. नव्या मध्यांतून काढलेली उभी रेषा नौकेच्या मधल्या रेषेस जेथें छेदते, त्या बिंदूस फ्रेंच गणिती प्येर बुगेर यानें १७४६ सालच्या आपल्या ग्रंथांत 'मेटासेंटर' हें नांव दिलें. मराठींत त्यास तोलबिंदु म्हणावयास हरकत नाहीं. गुरुत्वमध्य या तोलबिंदूच्या खालीं असेल, तोंवर नौका थोडी कलली तरी सांवरते. तो त्याच्या वर गेला, कीं जें पाणी नौकेस सांवरीत होतें तेंच तिला अधिक कलवूं लागतें. या दोन बिंदूंमधील अंतर हीच नौकेची खरी पुंजी होय. आणि ती बहुधा हातभराचीच असते.

ही पुंजी कशी खर्च होते, हें एका साध्या हिशेबानें पाहतां येईल. प्रवाशांसह सत्तर टन वजनाची एक दुमजली नौका घ्यावी. तिच्यावर शंभर प्रवासी आहेत. माणशी सरासरी सत्तर किलो धरल्यास त्यांचें वजन सात टन, म्हणजे एकंदर वजनाचा दशांश झालें. सर्व प्रवासी खालच्या मजल्यावर जेवत आहेत आणि वर सांगितलेलें अंतर ९० सेंटिमीटर आहे, असें मानूं. जेवण आटोपतें, वरच्या मजल्यावर वाद्यें सुरू होतात, आणि सारी मंडळी तीन मीटर उंच चढून जाते. एकंदर वजनाचा दहावा हिस्सा तीन मीटर वर गेला, म्हणजे गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर आला. नौकेंत एक तोळाही नवें वजन आलें नाहीं. तरी तिच्या पुंजींतील तिसरा हिस्सा खर्च झाला.

आतां काठावर कोणी शोभेचें दारूकाम सुरू केलें आणि तें पाहण्यासाठीं सर्वजण दोन मीटर एका बाजूस सरकले. ते खालच्या मजल्यावर असते, तर नौका सुमारें साडेबारा अंश कलली असती. वरच्या मजल्यावर असल्यामुळें तीच नौका अठरा अंशांहून अधिक कलते. एवढ्या उतारावर ताटें घसरतात, खुर्च्या सरकतात, आणि वरच्या अंगास उभीं असलेलीं माणसेंही तोल जाऊन खालच्या अंगाकडे ओढलीं जातात. म्हणजे कलण्यामुळें वजन सरकतें, आणि सरकलेल्या वजनामुळें नौका आणखी कलते. खालच्या मजल्याच्या उघड्या खिडक्या पाण्यास टेकल्या, कीं पुढचें काम पाणीच करतें.

आंत शिरलेलें पाणी त्याच्या वजनापेक्षां त्याच्या चंचलपणामुळें अधिक घातक ठरतें. भरलेली कळशी घेऊन चालणें सोपें असतें. पसरट परातींत बोटभर पाणी घेऊन चालणें अवघड जातें. परात जराशी कलली, कीं सारें पाणी त्या कडेस धांवतें आणि हात आणखी खालीं ओढतें. नौकेच्या तळाशीं सांचलेलें उथळ पाणी हुबेहूब असेंच वागतें. म्हणूनच मोठ्या नौकांच्या तळाचे व टांक्यांचे आडव्या-उभ्या भिंतींनीं कप्पे पाडलेले असतात.

नाचाचा परिणाम थोडा निराळा आहे. प्रत्येक नौकेस डोलण्याचा आपला असा एक ठेका असतो. झोपाळ्यास योग्य क्षणीं हलकासा झोका देत गेलें, तरी तो उंच चढतो. तसेंच नाचणाऱ्यांचा घोळका त्याच ठेक्यानें या बाजूकडून त्या बाजूस जाऊं लागला, तर नौकेचें डोलणें वाढत जातें. ही युक्ति खलाशी मुद्दाम वापरतात. बर्फांत अडकलेलें जहाज सुटें करण्यासाठीं सर्व खलाशांनीं एका कडेकडून दुसऱ्या कडेस एकदम धांवावयाचें, ही जुनी रीत आहे. माणसांच्या धांवण्यानें जेथें बर्फाची पकड ढिली होते, तेथें लहानशा नौकेची काय कथा?

या सर्व गोष्टी कागदावरच्या नव्हेत. २४ जुलै १९१५ रोजीं सकाळीं अमेरिकेंतील शिकागो नदीच्या धक्क्यास 'ईस्टलंड' नांवाची आगबोट दोरखंडांनीं बांधलेली होती. एका मोठ्या कारखान्याच्या कामगारांची ती सहल होती. बायकामुलांसह सुमारें अडीच हजार माणसें बोटीवर चढलीं होतीं आणि वाद्यें वाजूं लागलीं होतीं. बोट प्रथम एका अंगास कलली, सांवरली, मग दुसऱ्या अंगास कलली आणि पाहतां पाहतां धक्क्याशींच आडवी झाली. पाणी अवघें वीस फूट खोल होतें आणि धक्का कांहीं फुटांवर होता. तरी ८४४ माणसें मरण पावलीं. या आगबोटीचा तोल पूर्वींपासूनच नाजूक होता. त्यांत १९१२ सालच्या 'टायटॅनिक' च्या अपघातानंतर जीवरक्षक होड्या वाढविण्याची मोहीम निघाली आणि हिच्या वरच्या भागावरही नव्या होड्या चढविण्यांत आल्या. बुडण्यापासून वांचविण्यासाठीं ठेवलेल्या होड्यांच्या वजनानें तिचा गुरुत्वमध्य आणखी वर गेला. एका संकटावरचा उपाय हिशेब न करतां योजला, तर तो दुसऱ्या संकटाचें कारण कसा होतो, याचें याहून करुण उदाहरण क्वचितच सांपडेल.

३० मार्च २००६ च्या सायंकाळीं बहारीनच्या किनाऱ्याजवळ 'अल दाना' ही मेजवानीची नौका उलटली. तीही दुमजली होती, किनारा जवळच होता, आणि तिच्यावर नोकरदार मंडळींची मेजवानी चालली होती. ५८ माणसें दगावलीं. त्यांत पोटासाठीं परदेशीं गेलेले अनेक भारतीय होते. ३० सप्टेंबर २००९ रोजीं केरळांत थेक्कडी येथील पेरियार जलाशयांत 'जलकन्यका' ही सहलीची दुमजली नौका उलटून ४५ प्रवासी बुडाले. तीरावरील रानटी जनावरें पाहण्यासाठीं प्रवासी एका बाजूस गेले होते. जनावरें दाखविण्यासाठींच काढलेल्या नौकेंतील प्रवाशांनीं जनावरें पाहावयास जावें, यांत त्यांचा दोष तो काय? अशी गर्दी होणारच, हें आधीं धरून चालणें हें बांधणाऱ्यांचें आणि तपासणाऱ्यांचें काम आहे.

थेम्स नदीवरील 'मार्चोनेस' ची कथा निराळी आहे. १९२३ सालीं बांधलेली ही नौका २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर एका वाढदिवसाच्या मेजवानीसाठीं नदींत होती. तिच्यावर सुमारें १३० तरुण मंडळी होती आणि नाच चालला होता. वाळू उपसणारें एक मोठें जहाज मागून येऊन तिच्यावर आदळलें. ती थोड्याच क्षणांत बुडाली आणि ५१ जण गेले. चौकशींत असें दिसून आलें, कीं दोन्ही नौकांच्या सुकाणूवाल्यांची दृष्टि नौकांच्या बांधणीमुळेंच अडत होती आणि टेहळणी नीट ठेवलेली नव्हती. आंत लख्ख दिवे आणि मोठा आवाज असलेल्या नौकेस बाहेरचा अंधार अधिकच गडद असतो. तिच्यावर मौज न करणारा, डोळे बाहेर लावून बसलेला एक तरी मनुष्य असावाच लागतो. या दुर्घटनेच्या चौकशींतून पुढें २००२ सालीं थेम्स नदीवर जीवरक्षक होड्यांचीं ठाणीं सुरू झालीं.

उपाय अज्ञात नाहींत. नौका बांधून झाली, कीं तिची कल-परीक्षा घेतात. मोजलेलीं वजनें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेऊन ओळंबा किती सरकला, हें पाहतात. त्यावरून गुरुत्वमध्य नेमका कोठें आहे तें निघतें. गंवडी भिंत तपासतो तोच हा ओळंबा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेप्रमाणें, प्रवासी एका बाजूस गोळा झाले तरी प्रवासी जहाज १० अंशांहून अधिक कलतां कामा नये. वरच्या हिशेबांतील नौका दोन्ही वेळीं या कसोटीस उतरत नाहीं, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. भारतांतही १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला असून नोंदणी, तपासणी व सुरक्षितता यांचे नियम त्याखालीं येतात. परंतु ही परीक्षा नौका जशी असेल तशीच ठेवली तरच खरी. परीक्षेनंतर कोणी वर आणखी एक छत चढविलें, पाण्याची टांकी वर बसविली किंवा मासेमारीच्या होडीचें सहलीच्या नौकेंत रूपांतर केलें, तर हातांतील दाखला कोरा कागद ठरतो.

नियम करणाऱ्यांनीं कितीही केलें, तरी शेवटचें वजन प्रवाशाच्या पायांवरून सरकतें. म्हणून कुटुंबासह अशा फेरीस जाणाऱ्यानें चारपांच गोष्टी पाळाव्या. नौकेवर किती माणसें घेण्याची परवानगी आहे, तो आंकडा बहुधा लिहिलेला असतो. तो वाचावा, आणि गर्दी त्याहून अधिक दिसल्यास तिकिटाचे पैसे गेले तरी चढूं नये. पोहण्याचीं जाकिटें कोठें आहेत हें निघतांनाच पाहावें आणि मुलांच्या अंगांत तीं प्रारंभींच घालावीं. वरच्या मजल्यावर जाण्यास तांडेलानें मनाई केली, तर ती आपल्या मौजेवर घाला आहे असें समजूं नये; तो आपलें कर्तव्य करीत असतो. एका बाजूस कांहीं सुंदर दिसलें, तर सर्वांनीं एकदम न धांवतां पाळीपाळीनें जावें. आणि नौका कलून पुन्हां सरळ होण्यास नेहमींपेक्षां अधिक वेळ घेऊं लागली, ती आळसावल्यासारखी सांवकाश उठूं लागली, तर तो तिचा पाळण्यासारखा सुखद झोका समजूं नये. तिची पुंजी संपत आल्याची ती खूण आहे. अशा वेळीं गाणें थांबवून निमूटपणें खालच्या मजल्यावर उतरावें, मध्यभागीं बसावें आणि नौका धक्क्याकडे वळविण्यास सांगावें.