शहागंज : आपला घरचा पियात्झा!

टॉवर आहे, बाजार आहे, तीनशे वर्षांची मशीद आहे. मग फोटो काढायला इटलीच कशाला? जुन्या शहरातल्या एका जबरदस्त चौकाची ही सफर...

ऑनसाइटला गेलेल्या मित्रांचे फोटो पाहिलेत ना? कबुतरं, कॉफीचे कप, दगडी कारंजं आणि मागे उंच टॉवर. खाली कॅप्शन ठरलेलं : पियात्झा! म्हणजे इटलीतल्या गावाचा मोकळा चौक. आपण लगेच 'वॉव' म्हणून मोकळे होतो. पण बॉस, शहागंजला शेवटचं कधी गेला होतात?

मी फुलंब्रीची. जळगाव रोडने निघायचं, हर्सूल मागे टाकायचं, दिल्ली गेट ओलांडायचं आणि शहागंज गाठायचं, हा आमच्याकडचा खरेदीचा ठरलेला रूट. २०१० मध्ये प्रोझोन मॉल आला, एसीची सवय लागली. तरी घरात लग्न निघालं की मावशीच्या यादीत पहिलं नाव शहागंजचंच असतं. बाजाराच्या पिशव्या सांभाळता सांभाळता मला एक प्रश्न पडायचा. इतकी गर्दी नेमकी इथेच का जमली? उत्तर शोधायला गेले आणि सापडलं ते पाणी!

हौद आधी, बाजार मग

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. औरंगजेबाच्या काळात तिचं औरंगाबाद झालं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, पण शहराचा पहिला प्रॉब्लेम तोच राहिला : पाणी. अंबरचा फंडा भन्नाट होता. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारावरचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहरात खेळवायचं. पंप नाही, वीज नाही! हीच ती नहर-ए-अंबरी. मोतीकारंजा, लोटाकारंजा ही आजूबाजूच्या मोहल्ल्यांची नावं काही उगाच पडलेली नाहीत.

शहागंजचा हौद त्यानंतरचा. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचं काम सुरू केलं. पुढे इवज खानने तो वाढवला आणि काठाशी इमारती आणि मशीद उभी केली. ही माहिती देणारा खाफी खान हा त्याच काळातला इतिहासकार. उन्हाळ्यात पाणी आटलं की हा हौद लोकांना तारून नेतो, असं त्याने लिहून ठेवलंय. १७२० च्या सुमाराची ती मशीद आजही उंच जोत्यावर उभी आहे. दर्शनी भागात पाच कमानी आणि जोत्याला बाहेरून खेटून दुकानं. वर नमाज, खाली धंदा आणि मध्ये सगळ्यांसाठी पाणी, असा हा प्लॅन होता.

सिएनाची तीच गोष्ट

आता पुन्हा इटली. सिएना शहरातला 'पियात्झा देल काम्पो' हा शिंपल्याच्या आकाराचा, विटांच्या फरशीचा चौक जगात फेमस आहे. दर उन्हाळ्यात, जुलै आणि ऑगस्टमध्ये, तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या घोड्यांची शर्यत लागते. पण त्या डोंगरावरच्या गावालाही पाण्याची ददातच होती. त्यांनी जमिनीखाली सुमारे २५ किलोमीटरचे बोगदे खोदले आणि चौदाव्या शतकात चौकात पाणी आणलं. ते आल्याचा आनंद इतका, की कारंज्याचं नावच 'फोन्ते गाया', म्हणजे आनंदाचं कारंजं! म्हणजे आयडिया सेम टू सेम. फरक एवढाच, की त्यांचं कारंजं आजही फोटोत दिसतं आणि आपला हौद कुणाला आठवतही नाही.

टिक टिक आणि टेन्शन

शहागंजची आजची ओळख म्हणजे निजामकाळातला घड्याळाचा टॉवर. स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली आणि तो पुन्हा देखणा झाला. शेजारी चमनची बाग आणि गांधीजींचा पुतळा. रमजानमध्ये इथे रात्रीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक याच चौकातून सिटी चौकाकडे जाते. शिरखुर्म्याची खरेदी आणि ढोल-ताशा, दोन्ही एकाच रस्त्यावर!

पण सगळं गोड गोड नाही. मे २०१८ मध्ये हाच परिसर पेटला. मोतीकारंजा भागात अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून वाद झाल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. बघता बघता दंगल शहागंज, राजाबाजारपर्यंत पसरली. दोन जीव गेले, दुकानं आणि गाड्या जळाल्या. भडका उडायला आणखीही कारणं असतील. पण जिथे कधीकाळी सगळ्यांसाठी हौद बांधला गेला, तिथेच नळाच्या कनेक्शनवरून ठिणगी पडावी, हे मला फार लागलं. पाणी सगळ्यांचं असतं तेव्हा त्याच्याभोवती बाजार भरतो. ते ज्याच्या त्याच्या पाईपातलं झालं की शेजारी शेजाऱ्याचा नळ मोजायला लागतो.

डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. पुढे तिचा खर्च वाढत गेला, चर्चाही वाढत गेली. टॉवर दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. तो फोटोत छान येतो. जमिनीखालचा नळ फोटोत येत नाही, पण चौक टिकतो तो त्याच्या जोरावर.

तर मंडळी, या वीकेंडला मॉलला सुट्टी द्या. गाडी लांब लावा, दिल्ली गेटकडून चालत या. आधी घड्याळ बघा, मग मशिदीच्या कमानी. सराफ्यातून चक्कर मारा, भूक लागली तर नान-खलिया आहेच. आणि हो, एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला नहरीबद्दल नक्की विचारा. गप्पा रंगल्या तर चहा तुमच्याकडून!