तुपाची पारख करणारी शंभर मीटरची नळी

ऑलिइक आणि इलेडिक ही दोन मेदाम्ले. दोन्हींत अठरा कार्बन, वजनही सारखेच. फरक एका दुहेरी बंधापाशी: पहिल्याची साखळी तिथे वाकते, दुसऱ्याची जवळजवळ सरळ राहते. वाकलेले ते ‘सिस’, आणि हे दुसरे म्हणजे ट्रान्स मेद. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-वनस्पतीत औद्योगिक ट्रान्स मेद २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तो मोजायचा तर हा वाक ओळखणारे यंत्र हवे, आणि ते काम गॅस क्रोमॅटोग्राफ, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘जीसी’, करतो.

या यंत्राचा जन्मच मेदाम्लांसाठी झाला. वाफेच्या रूपातल्या पदार्थांना नळीतून नेऊन वेगळे करता येईल, हे मार्टिन आणि सिंज या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच लिहून ठेवले होते. दहा वर्षे ती सूचना तशीच पडून राहिली, याची आजही हळहळ वाटते. अखेर लंडनच्या मिल हिलमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी ती करून दाखवली. १९५२ च्या त्यांच्या निबंधात फॉर्मिकपासून बारा कार्बनच्या आम्लापर्यंतची मालिका सुटी झालेली दिसते. नळीतल्या सिलिकोनमध्ये त्यांनी थोडे स्टिअरिक आम्ल मिसळले होते. आम्लाचे रेणू एकमेकांशी जोड्या जमवतात आणि आलेखावरचे त्यांचे शिखर, म्हणजे ‘पीक’, फिस्कटते. स्टिअरिकमुळे ते आवरले. बाहेर पडणारे आम्ल आपोआप चालणारे ब्युरेट मोजत असे.

लांब साखळ्यांसाठी त्यांनी पुढे मिथाइल एस्टरचा मार्ग घेतला. आम्लाचे चिकट टोक झाकले की रेणू कमी उष्णतेला आणि नीटपणे पुढे सरकतो. आजही तेल आधी मिथाइल एस्टर करूनच जीसीत जाते. तुपाच्या बाबतीत मात्र इथेच हात जपून चालवावा लागतो. त्यातल्या ब्युटिरिक आम्लाचा एस्टर फार उडता, द्रावक घाईने आटवला की तोही निघून जातो. आणि तुपाची ओळख तर त्यातच असते.

गोले यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस माती भरलेल्या नळीऐवजी आतून लेप दिलेली केशनलिका आणली. १९७९ मध्ये लवचीक सिलिकाची नलिका आली, आणि ठिसूळ काच सांभाळण्याचा जाच संपला. माझ्या मते खरी कमाल मात्र लेपाची आहे. साध्या, अध्रुवीय लेपावर रेणू मुख्यतः उकळबिंदूच्या क्रमाने येतात. सायनोप्रोपिल लेपावर दुहेरी बंधाची जवळीक मोजली जाते, त्यामुळे ट्रान्स आधी येतो आणि सिस मागे रेंगाळतो. त्यासाठीच १०० मीटरची नळी लागते. एका नमुन्याला तासभर द्यावा लागतो.

तरीही दुधाच्या मेदातल्या अठरा कार्बनांच्या काही सिस आणि ट्रान्स एस्टरांची पीक एकमेकांवर चढतात. अशा वेळी चांदीच्या आयनांवर ते एस्टर आधी वेगळे करतात आणि मगच नळीत सोडतात.